चेनचं लॉक

रविवार, १९ जानेवारी

इशिता सकाळच्या राउंडवरून आली आणि हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, गाडी झटके देतेय. पुलाच्या चढावर तर मागून दात खाल्ल्यासारखा आवाज येतो."

इशिता लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताची सॅम्पल घेते. सकाळी सहाला निघते. लोक उपाशीपोटी बसलेले असतात, पाच मिनिटं उशीर झाला तरी फोनवर फोन. मोटरसायकल माझीच, तेरा वर्षांची. आता तीच चालवते.

दुपारी पार्किंगमध्ये गाडी डबल स्टँडवर लावून मागचं चाक फिरवून बघितलं. चेन एका जागी ताठ, दुसऱ्या जागी लोंबतेय. मागच्या चक्राचे दात झिजून आकड्यासारखे वाकलेत. चेन बोटाने मागे ओढली तर दात अर्धा उघडा पडतो. म्हणजे संपलीच. नुसती चेन बदलून भागत नाही. पुढचं लहान चक्र, मागचं मोठं चक्र आणि चेन, तिन्ही एकदम बदलायची. नाहीतर जुने दात नव्या चेनला खातात.

उर्मिला म्हणाली, "शिवदासभाऊंच्या गॅरेजला टाका ना. एका तासात करून देतील."

म्हटलं, एकोणतीस वर्षं पॅकिंग मशीनवर फिटर होतो. हातभर रुंदीच्या चेन बदलल्यात. घरातल्या गाडीची चेन दुसऱ्याने बदलायची?

ती कणीक मळायला निघून गेली. हल्ली ती बोलणं अर्ध्यावरच सोडते.

कंपनीत शिफ्ट संपली की लॉगबुक भरायचो. कंपनी बंद पडली, सवय राहिली. म्हणून ही वही. उर्मिला म्हणते, तुमचं अक्षर मुंगीएवढं झालंय, चष्मा लावूनही लागत नाही. बरंच आहे. तिने वाचावं म्हणून लिहीत नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

स्टेशनजवळ दिपेशभाईच्या दुकानात गेलो. दोन चक्रं आणि चेन, या सेटला सगळे 'चेन सॉकेट' म्हणतात. मी चक्राला स्प्रॉकेट म्हटलं की काउंटरवरचे हसतात.

दिपेशभाईने दोन डबे पुढे ठेवले. "अंकल, ये ले जाव. टकाऊ छे, बरसों चलेगा. किससे लगवाओगे?"

"खुद लगाऊंगा."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग डबा कागदात बांधायला घेतला. पाकीट मागच्या खिशात अडकलं. हल्ली पँटचे खिसे शिवतातच असे अरुंद की हात आत जातो पण बाहेर येत नाही. मागे दोघं-तिघं उभे होते. एकजण म्हणाला, "अंकल, साइड में होके निकालो ना." मी साइडला झालो.

येताना जेसल पार्कपर्यंत दोनदा थांबलो. एवढंसं ओझं, पण उजवा पाय जड झालेला. उन्हाचा त्रास असणार. जानेवारीतसुद्धा आता ऊन लागतं.

गुरुवार, २३ जानेवारी

इशिता सकाळी रिक्षाने गेली. सॅम्पलची पेटी मांडीवर घेऊन. गाडी आज दुपारपर्यंत तयार होईल असं तिला सांगितलं होतं.

झाली नाही. पुढचं चक्र इंजिनच्या कव्हरच्या आत असतं. कव्हरचे स्क्रू, मग चक्राचे दोन बोल्ट. एवढ्यात अख्खी सकाळ गेली. पाना बोल्टवर बसवतो, बसलाय असं वाटतं, जोर लावला की घसरतो. पाना नवा आहे, पण आजकालचं लोखंड खरं नसतं. पार्किंगमध्ये उजेडही नाही. सेक्रेटरीला दोन महिने ट्यूब बदल म्हणून सांगतोय.

काढलेले भाग डिझेलमध्ये धुतले. डिझेललाही आता वास राहिलेला नाही. हात नाकाशी नेला तरी काही नाही. काय भेसळ करतात देव जाणे.

उलट्या बादलीवर बसून राहिलो. काही न करता. वॉचमन दोनदा विचारून गेला, "काका, तबीयत ठीक है?"

शनिवार, २५ जानेवारी

मागचं चाक काढलं. जुनं चक्र निघालं, नवं बसवलं. चार नट, चार वॉशर. लिहायला एक ओळ, करायला दोन दिवस.

काल शर्टाची बटणं लावताना उर्मिला पुढे आली आणि न विचारता स्वतःच लावायला लागली. मी म्हटलं, "मी काय बालवाडीत आहे?" ती म्हणाली, "काज घट्ट आहेत हो. मला माहीत आहे." तिलाही ते कळलंय, मग टेलरला का सांगत नाही?

इशिता तिसऱ्या दिवशीही रिक्षाने. पेणकरपाड्याच्या आत रिक्षावाले यायला तयार नसतात, तिथून पुढे चालत जाते म्हणाली. तक्रार नाही केली. केली असती तर बरं वाटलं असतं.

रविवार, २६ जानेवारी

आजचा दिवस सविस्तर लिहितो.

सकाळी सोसायटीचं झेंडावंदन झालं, मग इशिता माझ्याबरोबर खाली आली. तिला अर्धी सुट्टी. म्हणाली, "बाबा, मी मोबाईलवर व्हिडिओ काढते. चेन कशी बदलायची ते तुम्ही सांगा."

मला वाटलं, गंमत करतेय. पण तिने खरंच मोबाईल धरला. हल्ली लोक असले व्हिडिओ टाकतात आणि हजारो माणसं बघतात. उर्मिलाचा भाचा नीरज त्यावर पोह्याचे चिवडे शिकवतो.

तर मी सांगितलं. सगळं सांगितलं. तिन्ही वस्तू एकदम का बदलायच्या. चेनला ढील किती ठेवायची: वरखाली दोन बोटं. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. ती मधे मधे सूचना देत होती. "बाबा, आता जरा दोन्ही हात मांडीवर ठेवून बोला." मग, "त्या खांबापर्यंत जाऊन पाना घेऊन या. सावकाश." मग, "थोडं मोठ्याने बोला, आवाज येत नाहीये."

"बाबा, हसा ना जरा."

"हसतोय की."

ती मोबाईल आणखी जवळ घेऊन आली.

शेवटी लॉक. चेनची दोन टोकं जोडणारी कडी असते आणि त्या कडीवर बसतं ते लॉक. नखाएवढी पट्टी, माशाच्या आकाराची. मी तिला सांगितलं, "माशाचं तोंड नेहमी चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला. शेपटी मागे. उलटं बसवलंस तर कशाला तरी अडकून उडेल." नवीन फिटर आला की मी हेच शिकवायचो.

पण पट्टी बोटात राहीना. दोनदा पडली. एकदा बादलीखाली गेली, इशिताने शोधून दिली. ती म्हणाली, "बाबा, मी लावू?" मी म्हटलं, "तू व्हिडिओ काढ." घाम आला. पक्कडीने दाबलं, सुटलं, परत दाबलं. तासभर गेला असेल. शेवटी टक् आवाज आला. लॉक बसलं की येतो तसाच.

"झालं," म्हटलं.

इशिताने गाडी गेटबाहेर नेली, चौकापर्यंत जाऊन आली. "मस्त, बाबा. एकदम लोण्यासारखी." तिने मला मिठी मारली. माझ्या हाताला ग्रीस होतं, म्हणून मी हात लांब धरले.

चार दिवस लागले. लागू देत. काम माझ्या हातचं झालं.

सोमवार, २७ जानेवारी

इशिता गेली तेव्हा गॅलरीत उभा होतो. गाडी वळणापर्यंत गेली तरी चेनचा आवाज नाही. नवी चेन अशीच हवी.

दिवसभर झोपलो. अंग मोडून आलंय. उर्मिलाने दूध उतू घालवलं आणि मला म्हणते, "तुम्ही इथेच बसला होता ना? करपल्याचा वास नाही आला?" पेपर वाचत होतो. माझं काय लक्ष दुधाकडे?

गुरुवार, ३० जानेवारी

तो व्हिडिओ टाकला का, असं इशिताला विचारलं. म्हणाली, "अजून नाही, बाबा. एडिट करायचाय."

रविवार, २ फेब्रुवारी

इशिता पडली.

साडेनऊला घरी आली ती रिक्षाने. उजव्या कोपराला पट्टी, गुडघ्यावर ड्रेस फाटलेला, हनुवटीला खरचटलेलं. उर्मिलाच्या हातातली कणीक तशीच राहिली. इशिता म्हणाली, "काही नाही गं आई, वाळूवरून घसरले. बांधकामाची रेती पडली होती रस्त्यावर. पेटीतली सॅम्पल सगळी शाबूत आहेत." सॅम्पलचं तिने तीनदा सांगितलं.

"गाडी कुठेय?"

"शिवदासकाकांकडे. त्यांच्या गॅरेजसमोरच पडले ना. हेडलाइट फुटलाय, बदलून देतो म्हणाले."

मी म्हटलं, "मी जाऊन बघतो."

"नको बाबा!" एकदम ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका करतील. तुम्ही दगदग नका करू."

मायलेकी आत गेल्या आणि दार लोटलं. मला आतलं बोलणं ऐकू आलं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गाडी अजून आलेली नाही. हेडलाइटला दोन दिवस? शिवदासला फोन केला, उचलला नाही. चाळीस वर्षांची मैत्री. भाईंदरला राहायला आलो नव्हतो तेव्हापासूनची. कंपनीत तो वेल्डर होता, मी फिटर. माझा फोन त्याने कधी टाळला नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

घरात न सांगता पेणकरपाड्याला गेलो. शिवदास भोईरचं गॅरेज म्हणजे त्यांच्या जुन्या घराची ओटी. चहूबाजूंनी इमारती चढल्यात, पण तो ओटी सोडत नाही. वडिलांचं भाताचं शेत जिथे होतं तिथे आता पंधरा मजले आहेत.

मला बघून तो उठला नाही. खाली मान घालून कार्ब्युरेटर साफ करत राहिला.

गाडी भिंतीला टेकवून उभी होती. हेडलाइट धडधाकट. फुटलेला काहीच नाही. चेन मात्र गाडीवर नव्हती. ती बाजूला घमेल्यात पडली होती.

"शिवदास, हेडलाइट कुठाय फुटलेला?"

"बस जरा. चाय मागवतो."

"चहा नको. पोरगी कशी पडली?"

"रेतीवर पडली. बोल्ली ना ती."

"तू बोल."

त्याने कार्ब्युरेटर खाली ठेवला. "बबन, मना नको इचारू. पोरीला शबूद दिलाय."

मी उभाच राहिलो. उजवा हात खिशात घातला होता. शेवटी त्याने घमेलं पुढे ओढलं आणि चेनचं टोक उचलून दाखवलं.

"लॉक गेलं. येकाच बाजूला बसलेलं व्हतं. दुसरी बाजू खाचंत न्हाय, वरच व्हती. आठ दिवस कशी टिकली त्येच नवल हाय. इथं वलनावर सुटलं, चेन चाकात गुतली, चाक जाम झालं. मागून टेम्पो येत व्हता." तो थांबला. "टेम्पोवाल्यानं दाबला ब्रेक. येवढा राहिला व्हता." त्याने दोन्ही हात दाखवले. हातातलं अंतर वीतभर होतं.

मी विचारलं, "माशाचं तोंड कुठे होतं?"

"काय?"

"लॉकचं. दिशा बरोबर होती का?"

"दिशा बरोबर व्हती रे." त्याने माझ्याकडे प्रथमच बघितलं. "दिशेला काय झालं न्हाय."

मी घरी आलो. कसा आलो ते लिहिता येणार नाही, कारण आठवत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पान्यांची पेटी माळ्यावर टाकली. वर चढवायला उर्मिलाने हात लावला.

टक् आवाज आला होता. मी ऐकला होता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

इशिताशी बोलायचं होतं. ती सकाळी गेली, दुपारी आली, जेवून झोपली. थकलेली दिसते. काल गाडी परत आणली तिने, शिवदासने पाच मिनिटांत नवीन लॉक घातलं म्हणे. मला बघून म्हणाली, "बाबा, जेवलात?" मी हो म्हटलं. तिने विषय काढला नाही, मीही नाही.

वीतभर. सारखं तेवढंच डोळ्यापुढे येतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

उर्मिला म्हणाली, मान दुखतेय, चक्कर येते, मीरा रोडला डॉक्टरांकडे जायचंय, बरोबर चला. गेलो. बाहेर पाटीवर मेंदू आणि मज्जासंस्था असं लिहिलेलं. मानेसाठी इतका मोठा डॉक्टर कशाला, असं मी म्हणतोय तोवर काउंटरवरच्या बाईने नाव पुकारलं. "बबन तळवडेकर."

मी उर्मिलाकडे बघितलं. ती म्हणाली, "चला." आणि माझा हात धरला. चारचौघांत तिने माझा हात लग्नातच धरला होता, त्यानंतर आजच.

डॉक्टर तरुण बाई. मराठी बोलणाऱ्या. अंगठा आणि बोट भराभर उघड-मीट करायला सांगितलं. डावं झालं, उजवं पाचसहा वेळा होऊन लहान लहान होत गेलं. मग कागदावर आतून बाहेर जाणारा गोल गोल काढायला सांगितला, जिलेबीसारखा. आयुष्यभर पत्र्यावर गोल आखले मी. हा असा निघाला की फिटरच्या परीक्षेत मलाच मी नापास केलं असतं.

मग प्रश्न. वास येतो का? झोपेत हातपाय झाडता का? बटणं लावायला वेळ लागतो का? चालताना उजवा पाय ओढला जातो का? मी सगळ्याला नाही म्हटलं. उर्मिलाने सगळ्याला हो म्हटलं.

डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या मुलीने व्हिडिओ पाठवलाय. त्यावरून बरंच कळलं." त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

पार्किंगमधला व्हिडिओ. माझा आवाज येत होता, बारीक, कुठूनतरी लांबून आल्यासारखा. "माशाचं तोंड नेहमी चेन ज्या दिशेने धावते..." पण चेन दिसतच नव्हती. लॉकही नाही. मोबाईल माझ्या हातावर धरलेला होता. मांडीवर ठेवलेल्या उजव्या हातावर. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, तंबाखू मळल्यासारखी. थांबतच नव्हती. मी जन्मात तंबाखू खाल्ली नाही.

मग चेहरा. "हसा ना जरा." "हसतोय की." तो माणूस हसत नव्हता.

आजाराचं नाव पार्किन्सन्स. बरा होत नाही, पण गोळ्यांनी बरीच वर्षं काढता येतात, असं म्हणाल्या. गोळ्या सुरू करण्याआधी रक्ताच्या काही तपासण्या करून या.

बाहेर येऊन उर्मिलाने नारळपाणी घेतलं. मी प्यायलो. स्ट्रॉ तिने धरली होती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मी शिकवत होतो. ती पुरावा गोळा करत होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

इशिताशी तीन दिवस बोललो नाही. ती समोर येऊन बसते, मी पेपर वर धरतो. आज पेपर हलत होता. मला दिसला, तिलाही दिसला. मी खाली ठेवला.

उर्मिला म्हणाली, "रक्त द्यायचंय. इशिता घेईल ना सकाळी."

मी म्हटलं, "तिने नको. लॅबमधलं दुसरं कुणी पाठव म्हणावं."

इशिता आतल्या खोलीत होती. ऐकलं असणार. मोठ्यानेच बोललो होतो. निदान मला तसं वाटलं. हल्ली माझा आवाज किती मोठा असतो त्याचा भरवसा नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

लॅबमधली मिनल आली होती सकाळी. इशिताच्या बरोबरीची, स्वभावाने चांगली. उजवा हात हलतो म्हणून डावा घेतला, तर डाव्याची शीर मिळेना. एकदा टोचलं, नाही. पुन्हा टोचलं, नाही. मग उजवा धरला. "काका, हात जरा स्थिर ठेवा ना."

"स्थिरच ठेवलाय."

शेवटी पुन्हा डावाच घेऊन तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा शीर निसटली आणि निळं झालं. ती रडवेली झाली. म्हणाली, "काका, सॉरी. इशिताला सांगा. आमच्याकडे अवघड हात असला की आम्ही इशितालाच बोलावतो."

हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी इशिता गॅलरीत बसून कोपरावर मलम लावत होती. खपली धरलीय आता. मी स्टूल घेऊन बाजूला बसलो.

म्हटलं, "व्हिडिओ काढायचा होता तर सांगून काढायचा."

"सांगितलं होतं बाबा. दोनदा. गणपतीत आरतीचं ताट हलत होतं तेव्हा, आणि दिवाळीत. तुम्ही म्हणालात, ताटच जड आहे. मग म्हणालात, थंडी आहे." मलमाचं झाकण ती उगाच लावत-काढत होती. "मी दिवसाला तीस हात धरते. म्हाताऱ्यांचे, बाळंतिणींचे, सगळ्यांचे. तुमचा हात मला तेव्हाच कळला. पण मी डॉक्टर नाही ना. मी सांगून तुम्ही आला नसतात."

आलो नसतो. खरं आहे.

"लॉक बसलं नव्हतं, ते व्हिडिओत दिसलं होतं तुला?"

तिने झाकण घट्ट लावलं आणि मलम बाजूला ठेवलं.

"त्याच संध्याकाळी दिसलं, डॉक्टरांना न पाठवलेल्या तुकड्यात. मोठं करून बघितलं. एक बाजू वर वाटत होती. सोमवारी जाताना काकांकडे दाखवणारच होते. पण तुम्ही इथे उभे होतात. मी वळेपर्यंत बघत होतात. काकांनी तुम्हाला विचारलं असतं, बबन, हे कुणी लावलं." तिने कोपरावर फुंकर घातली. "इतके खूश होतात तुम्ही. किती महिन्यांनी. मग म्हटलं, एक दिवस चालली म्हणजे बसलं असेल. मग दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं."

"तू वेडी आहेस."

"हो."

"टेम्पो वीतभर राहिला होता."

"काकांनी सांगितलं तर तुम्हाला!"

"मी विचारलं म्हणून सांगितलं."

ती रडायला लागली. बारीकसं, नाक ओढत. लहानपणी खेळातून मार खाऊन यायची तशी. माझ्या खुशीसाठी ही पोरगी आठ दिवस त्या चेनवर बसून फिरली, आणि मी तीन दिवस पेपर वर धरून बसलो होतो. मला काहीतरी बोलायचं होतं, चांगलं काहीतरी. म्हटलं, "सोमवारी रक्त तूच घे."

सोमवार, १७ फेब्रुवारी

सहाला पाच कमी असताना इशिता राउंडच्या कपड्यांत, पेटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. पाट ओढला, त्यावर पेपर अंथरला, त्यावर सगळं मांडलं. मांडताना एकही वस्तू दुसऱ्यांदा हलवली नाही. हातमोजे घातले.

"पूर्ण नाव?"

मी बघतच राहिलो. "काय गं?"

"विचारावंच लागतं. नियम आहे."

"बबन गोविंद तळवडेकर."

"वय?"

"अठ्ठावन्न."

"काल रात्रीपासून काही खाल्लंय?"

"तुझ्यासमोरच जेवलो ना आठला."

"म्हणजे नाही," असं म्हणून तिने लिहिलं.

चार वर्षं ही नोकरी करतेय ती. मी तिला काम करताना कधी बघितलंच नव्हतं. सुई टोचायची नोकरी, एवढंच म्हणायचो लोकांना.

तिने उजवा हात घेतला. म्हटलं, तो हलतो, डावा घे. म्हणाली, डाव्याची शीर मिनलने दुखवलीय, आठवडाभर नको. हात हलायला लागला. मी मूठ आवळली, थांबवायला.

"आवळू नका बाबा. हलू दे त्याला. तुम्ही जोर लावला की तो जास्त हलतो."

मी सोडला. तिने स्वतःचा डावा तळहात माझ्या मनगटाखाली घातला. दाबला नाही, सोडलाही नाही. बेअरिंग शाफ्टला धरतं तसा. हात हलत राहिला आणि तिचा तळहात त्याच्याबरोबर हलत राहिला. उजव्या हाताचं बोट कोपराच्या खळीत फिरत होतं आणि ती बघत होती भलतीकडेच, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मीही असंच करायचो. फट डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

"कोणी शिकवलं हे?"

"काय?"

"न बघता हाताने बघायला."

"कोणी नाही. करत करत आलं." बोट एका जागी थांबलं. "बोलू नका आता."

हलणारा हात एका क्षणाला जरासा मंदावला. मला तो मंदावलेला कळलाही नसता. तेवढ्यात सुई आत होती. एकदाच. लाल झाकणाची बाटली भरली, जांभळ्या झाकणाची भरली, सुई बाहेर. मला दुखलंही नाही. एकोणतीस वर्षांत माझ्या हाताखाली चाळीसेक पोरं शिकून गेली. असा हात त्यातल्या दोघांचा होता, फार तर तिघांचा.

सांगावं असं वाटलं. पण ती बाटल्यांवर माझं नाव लिहीत होती, मोठ्या, गोल अक्षरात. तिच्या फोनवर पहिला पेशंट वाजायला लागला होता.

तिने कापूस ठेवला आणि त्यावर माझ्याच डाव्या हाताचा अंगठा टेकवला.

"दाबून धरा. पाच मिनिटं. चोळायचं नाही."

"इशिता."

"हां?"

"चांगलं काम केलंस."

ती दारात थांबली. हेल्मेट घातलेलं होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मान एकदा हलवली आणि जिना उतरून गेली.

उर्मिला चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "अहो, रक्त कधीच थांबलंय. सोडा आता."

म्हटलं, "असू दे थोडा वेळ."